आरमाराचा तनखा

१६७५ च्या जानेवारीत रायगडाहून प्रभावळीच्या सुभेदाराला एक पत्र गेले. सुभेदाराचे नाव जिवाजी विनायक. मुरूडसमोर कांसा बेटावर पद्मदुर्गाचे काम चालले होते. जंजिऱ्याचा सिद्दी तोफांच्या टप्प्यात बसला होता आणि बेटावरच्या लोकांना दाणा, पैसा, सामान वेळेवर मिळाले नाही तर काम बंद पडणार होते. दौलतखान आणि दर्यासारंग हे आरमाराचे सरदार आपापली तरांडी घेऊन तिथे उभे होते. रसद पोचवण्याचा हुकूम सुभेदाराला आधीच झाला होता, तरी ती पोचली नाही.

शिवाजी महाराजांचे हे पत्र त्यांच्या उपलब्ध पत्रांपैकी सर्वांत कडक पत्रांत मोडते. तुम्ही सिद्दीकडून लाच घेतली आहे, असा थेट आरोप त्यात आहे. ब्राह्मण म्हणून तुमची भीड कोणी ठेवील अशा भ्रमात राहू नका, अशी ताकीद आहे. जंजिऱ्याच्या उरावर दुसरा जंजिरा उभा करण्याचे काम तुमच्यामुळे अडले, म्हणजे तुम्ही शत्रूचेच चाकर ठरलात, असा त्याचा रोख आहे. मराठी आरमार समजून घ्यायचे तर सुरुवात याच पत्रापासून करावी असे मला वाटते. आरमार म्हटले की आपल्याला शिडे, तोफा आणि शौर्य आठवते. रायगडावर बसलेल्या राजाला मात्र ठाऊक होते की दर्यावरची लढाई किनाऱ्यावरच्या कचेरीत हरता येते. भाताची पोती कोणी वेळेवर पाठवायची, खलाशाचा पगार कुठल्या महालाच्या वसुलातून निघायचा, सागाचे सोट कुठल्या जंगलातून आणायचे, या गोष्टी बिनचूक झाल्या तरच गलबत पाण्यावर टिकते.

सुरुवात १६५७ च्या शेवटी झाली. कल्याण आणि भिवंडी स्वराज्यात आली आणि सह्याद्रीत वाढलेल्या राज्याला पहिल्यांदा खाडी मिळाली. खाडीच्या वरच्या अंगाला सागवानाची जंगले होती आणि काठावर पिढ्यान्‌पिढ्या नावा बांधणारे सुतार होते. मोठी लढाऊ जहाजे बांधण्यातले जाणकार मात्र पोर्तुगिजांकडे. तेव्हा रुई लैताव व्हिएगस नावाच्या पोर्तुगीज कारागिराला कामावर ठेवले. त्याच्या हाताखाली तीनशेहून जास्त माणसे होती. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याला याचा सुगावा लागला. शिवाजीच्या हाती जहाजे गेली तर उद्या ती आपल्यावरच येतील हे त्याने ओळखले आणि ही सगळी मंडळी त्याने फोडली. ती एके दिवशी कल्याण सोडून निघून गेली. काम थांबले नाही. अर्धवट राहिलेली जहाजे इथल्याच सुतारांनी पुरी केली असणार, कारण पुढच्या काही वर्षांत आरमार वाढतच गेले. १६६४ च्या नोव्हेंबरात मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. १६६५ च्या फेब्रुवारीत महाराज स्वतः जहाजातून बसरूरच्या स्वारीवर निघाले, तेव्हा बरोबर पंच्याऐंशी लहान लढाऊ गलबते आणि तीन मोठी जहाजे होती, असे इंग्रजांच्या पत्रांवरून कळते.

एकूण आरमार किती होते, याबद्दल आकडे जुळत नाहीत. सभासदाच्या बखरीत सातशे जहाजे आहेत, इंग्रजांच्या नोंदींत त्याहून खूपच कमी. माझ्या मते सभासदाने मचवे, होड्या, सामानाची शिबाडे असे सगळे मोजले आणि इंग्रजांनी तोफा असलेली तेवढीच धरली. आकड्यापेक्षा जहाजांची जात महत्त्वाची आहे, आणि तिथे आपण जरा थांबू.

मराठी आरमाराचा कणा दोन प्रकारच्या जहाजांचा. गुराब हे मोठे जहाज. दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, आणि मोठ्यात मोठे म्हटले तरी तीनशे टनांच्या आसपास. त्याची नाळ लांब, बसकी आणि पुढे आलेली असे. युरोपी जहाजाच्या मुख्य तोफा बाजूला, म्हणून मारा करायचा तर जहाज आडवे करावे लागे. गुराबेच्या नाळेतून दोन तोफा सरळ समोर डागता येत. गलबत हे त्याहून लहान, सत्तर टनांच्या आतले. त्याला शीड होतेच, शिवाय चाळीस-पन्नास वल्ही. धट्टेकट्टे खलाशी वल्ह्यांवर बसले की वारा पूर्ण पडलेला असतानाही ते तासाला चारेक मैल कापत जाई. आता डोळ्यांसमोर आणा: ऐन दुपारी वारा पडला आहे, एक इंग्रजी जहाज शिडे लोंबकळत जागीच खोळंबले आहे. गलबते गुराबांना दोर बांधून ओढत आणतात आणि जहाजाच्या पाठीमागे, जिथे त्याच्या बाजूच्या तोफा पोचत नाहीत, तिथे आणून उभ्या करतात. गुराबा डोलकाठ्या आणि दोरखंड तोडत राहतात. जहाज पांगळे झाले की गलबतांतली माणसे तलवारी घेऊन चारी बाजूंनी चढतात. ही लढाईची रीत इंग्रजांनी स्वतःच लिहून ठेवली आहे आणि त्या लिहिण्यात धास्ती लपत नाही.

खांदेरीला याची कसोटी लागली. मुंबईच्या बंदराच्या तोंडाशी, थळच्या किनाऱ्यासमोर हे एवढेसे बेट. १६७९ च्या पावसाळ्याच्या शेवटी मायनाक भंडारी माणसे आणि सामान घेऊन तिथे उतरला आणि तट घालायला लागला. मुंबईच्या इंग्रजांना हा सरळ गळ्याशी आलेला हात वाटला. त्यांनी बेटाला वेढा घातला. सप्टेंबरात लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प बेटावर उतरायला गेला आणि मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाचे आरमार नागावच्या बाजूने चालून आले. इंग्रजांची डव्ह नावाची गुराब मराठ्यांच्या हाती पडली. ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजावर कप्तान मिंचिन आणि केग्विन होते. त्यांनी चिवटपणे तोफा चालवून मराठ्यांना मागे रेटले. त्या दिवसाचा निकाल कोणाच्या बाजूने, यावर वाद घालता येईल. माझ्या लेखी खरी लढाई त्या दिवसाची नव्हतीच. ती रोज रात्री चालत होती. इंग्रजांची मोठी जहाजे उथळ पाण्यात येऊ शकत नव्हती. अंधार पडला की थळ-नागावच्या खाड्यांतून मराठ्यांच्या होड्या दगड, चुना, धान्य, दारूगोळा घेऊन सुटत आणि पहाटेआधी परतत. सकाळी इंग्रज पाहत तो तट आणखी थोडा वर आलेला. तोफांनी जे जमत नव्हते ते रसदीने केले. १६८० च्या जानेवारीत इंग्रजांनी तह केला आणि खांदेरी महाराजांकडे राहिली. पद्मदुर्गाच्या वेळी सुभेदाराला जे पत्र गेले, त्याचा अर्थ इथे उलगडतो.

हे सगळे शहाणपण पुढे कागदावर आले, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात. त्याचा काळ १७१५-१६ च्या सुमाराचा. पंतांनी शिवकालापासून राज्यकारभार पाहिलेला, राजारामांच्या काळात महाराष्ट्राचा सगळा भार डोक्यावर घेतलेला. आज्ञापत्रातले आरमाराचे प्रकरण छोटे आहे, पण माझ्या वाचनात त्या काळच्या इतर मराठी लिखाणात त्याच्या तोडीचे काही आलेले नाही. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग आहे असे सांगून ते थेट हिशेबाला हात घालते.

पहिला हिशेब रचनेचा. एका सुभ्यात पाच गुराबा आणि पंधरा गलबते. सगळ्यांवर मिळून सरसुभा एकच आणि त्याच्या आज्ञेत सगळ्यांनी वागायचे. जहाजे फार मोठी नकोत, फार लहानही नकोत. वाऱ्याशिवाय हलू न शकणारी अवाढव्य जहाजे बांधण्याची गरज नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. युरोपी जहाजे पाहून कोणाचेही डोळे दिपावेत असा तो काळ; तरी आपल्या खाड्यांची खोली, आपला वारा आणि आपला खजिना ओळखून घेतलेला हा निर्णय आहे.

मग लाकूड. आरमाराला तख्ते लागतात, सोट लागतात, डोलकाठ्या लागतात. राज्याच्या अरण्यांतला साग हुजुरांची परवानगी घेऊन तोडावा. कमी पडले तर परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणसाचे लाकूडही जहाजाला चालते, पण त्या झाडांना हात लावायचा नाही. ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती पोटच्या पोरासारखी जपून वाढवलेली असतात. ती तोडली तर रयतेच्या दुःखाला पार राहणार नाही. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, त्याची किंमत देऊन मगच तोडावे. कोकणात ज्याने आंब्याचे कलम लावून पहिल्या मोहोराची वाट पाहिली आहे, त्याला ही आज्ञा किती खोलवरून आली आहे हे सांगावे लागणार नाही. आणि यात नुसती दया नाही. ज्या किनाऱ्यावरून खलाशी, नावाडी आणि सुतार मिळवायचे, त्याच किनाऱ्यावरच्या घरांमागची झाडे तोडून आरमार उभे करणे हा तोट्याचा व्यवहार आहे, हे पंतांना कळत होते.

पावसाळ्याचाही हिशेब तितकाच बारीक. आगोट जवळ आली, दर्या खवळण्याला आठ-पंधरा दिवस उरले, की आरमार छावणीला न्यायचे. पण दर वर्षी एकाच बंदरात नाही. शेकडो दर्यावर्दी चार महिने एका गावात रिकामे बसले तर त्या गावाला त्यांचा उपद्रव होणारच. दर वर्षी त्याच गावाला झाला तर गाव उजाड होईल. म्हणून बंदर बदलत राहायचे. गावकऱ्यांची आणि शिपायांची मने दोन्ही ओळखणाऱ्या माणसालाच असा नियम सुचतो. कोळी आणि बाकीच्या दर्यावर्दी रयतेला काडीचाही त्रास होता कामा नये, हे तर बजावून सांगितले आहे.

लढाईबद्दलच्या सूचना थोड्याच आहेत, पण मुरलेल्या माणसाच्या आहेत. शत्रूने शिडे उतरवून शरण आल्याचे दाखवले तरी एकदम त्याच्या जहाजाला जाऊन भिडू नका. दूर राहून त्याच्या मुख्य माणसाला आपल्याकडे बोलवा. वारा उलटा असेल आणि बळ कमी पडत असेल तर हट्ट न करता आपल्या किल्ल्याच्या आश्रयाला या. ज्या सावकाराकडे कौल आहे त्याच्या जहाजाला हात लावू नका. कौल नसलेला परका व्यापारी सापडला तर त्यालाही दिलासा देऊन आपल्या बंदरात येता-जाता राहील असे करा.

या प्रकरणातली सगळ्यांत मोलाची आज्ञा मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. आरमाराचा तनखा मुलखाच्या वसुलावर नेमून द्यावा, दर्यावरच्या मिळकतीवर नाही. कारणही दिले आहे. आरमाराचे पोट दर्यावरच्या कमाईवर अवलंबून राहिले तर आरमार सावकारांना नाडणार, सावकारी बुडणार, बंदरे ओस पडणार आणि जकातही जाणार. म्हणजे आरमाराचा पगार आधी ठरलेला हवा, तो राज्याने द्यायला हवा आणि खलाशाला त्यासाठी कोणाचे जहाज अडवावे लागता कामा नये. मराठी आरमाराच्या पुढच्या शंभर वर्षांच्या इतिहासाची किल्ली या एका कलमात आहे.

कारण आज्ञापत्र लिहिले जात होते तेव्हा खुद्द आरमार पंतांच्या धन्याच्या हातून गेले होते. कान्होजी आंग्रे राजाराम महाराजांच्या आणि ताराबाईंच्या काळात सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख, म्हणून वाढले. मोगलांच्या धामधुमीत रायगडाचा खजिना उरला नव्हता. कोकणचा किनारा कान्होजींनी स्वतःच्या बळावर राखला. तिकडे शाहू आणि ताराबाई यांच्यात राज्याची ओढाताण चालली होती. शाहूंनी कान्होजींवर पाठवलेला पेशवा बहिरोपंत पिंगळे कान्होजींच्याच कैदेत पडला. तेव्हा बाळाजी विश्वनाथ नवे पेशवे झाले आणि १७१३-१४ च्या सुमारास त्यांनी कान्होजींशी बोलणे करून त्यांना शाहूंच्या बाजूला वळवले. बदल्यात कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग असे दहा किल्ले आणि त्यांच्या भोवतालचा मुलूख कान्होजींकडे कायम झाला. शाहूंना त्या घडीला याहून चांगला सौदा मिळणे शक्य नव्हते, आणि बाळाजी विश्वनाथांची मुत्सद्देगिरी त्यात दिसते. तरी त्या दिवसापासून आरमार हे छत्रपतींचे खाते राहिले नाही, एका घराण्याची दौलत झाले. जहाजे कोणी बांधायची, माणसे कोणी ठेवायची, पगार कोणी द्यायचा, हे सगळे आंग्र्यांच्या घरात ठरू लागले.

कान्होजींसारखा माणूस असेपर्यंत हे झाकले गेले. त्यांनी किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांना दस्तक घेणे भाग पाडले. फी भरून परवाना घ्या, मग तुमचे रक्षण आमच्याकडे. दस्तक नसेल तर जहाज जप्त. इंग्रजांनी यासाठी त्यांना चाचा म्हटले आणि त्यांच्या पुस्तकांत तो शब्द दोनशे वर्षे टिकला. हा आरोप मला साफ अमान्य आहे. पोर्तुगिजांनी दोनशे वर्षे याच समुद्रावर हिंदी व्यापाऱ्यांना कार्ताझ नावाचा परवाना घ्यायला लावला, न घेणाऱ्यांची जहाजे बुडवली. त्याला कोणी चाचेगिरी म्हटले नाही. किनाऱ्याचा मालक आपल्या पाण्यात जकात घेतो, हा हक्क कान्होजींनी बजावला. मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने विजयदुर्गावर, खांदेरीवर पुन्हा पुन्हा आरमार पाठवले, पाण्यावर तरंगणारा तोफांचा बुरूजसुद्धा बांधून पाहिला. काही साधले नाही. १७२१ मध्ये कमोडोर मॅथ्यूज आणि गोव्याचा पोर्तुगीज व्हॉइसरॉय यांनी मिळून कुलाब्यावर चाल केली. साताऱ्याकडून घोडदळ मदतीला आले आणि तोही बेत फसला. पोर्तुगिजांनी लगेच वेगळा तह केला आणि इंग्रज एकटे पडले. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले, तेव्हा त्यांचा एकही महत्त्वाचा किल्ला शत्रूने घेतलेला नव्हता.

तरीही दस्तकाच्या उत्पन्नावर मोठ्या प्रमाणात चालणारे आरमार म्हणजे आज्ञापत्राने जे करू नका म्हटले नेमके तेच होते. कान्होजी सावकाराला किती पिळायचे हे ओळखून होते. पुढच्यांना तो अंदाज राहिला नाही. थोरला मुलगा सेखोजी लवकर गेला. त्याचे भाऊ संभाजी आणि मानाजी यांच्यात भांडण लागले आणि १७३५ मध्ये बाजीराव पेशव्यांनी वाटणी करून दिली: मानाजी कुलाब्याला, संभाजी विजयदुर्गाला. घरातली शेते वाटावीत तसे आरमार वाटले गेले. ‘सरसुभा एकच असावा’ हे वीस वर्षांपूर्वीचे वाक्य तेव्हा पुण्यात कोणाच्या टेबलावर असते तर, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

संभाजींनंतर आलेले तुळाजी आंग्रे दर्यावर बापासारखेच जबर होते. डच जहाजांचा त्यांनी फडशा पाडला. पण ते कोणालाच जुमानत नव्हते. पेशव्यांच्या मुलखातल्या व्यापाऱ्यांनाही नाही, आसपासच्या मराठी सरदारांनाही नाही. नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी करार केला. १७५५ च्या एप्रिलात कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. १७५६ च्या फेब्रुवारीत अॅडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह विजयदुर्गासमोर आले, जमिनीच्या बाजूने पेशव्यांची फौज होती. आंग्र्यांची जहाजे खाडीत तटाखाली एकमेकांना बांधून उभी होती. त्यांत पूर्वी कंपनीकडून जिंकलेले ‘रेस्टोरेशन’ही होते. इंग्रजांचा एक पेटता गोळा त्याच्यावर पडला आणि आग एका जहाजावरून दुसऱ्यावर गेली. काही तासांत सगळे आरमार जळाले. तुळाजी मराठ्यांच्या छावणीत बोलणी करायला गेले होते, ते कैदेतच राहिले. इंग्रजांनी किल्ला आधी ताब्यात घेतला, लूट आपसांत वाटून घेतली आणि मग विजयदुर्ग परत देताना बाणकोट पदरात पाडून घेतले.

पेशव्यांनी आपल्याच हातांनी मराठी आरमार बुडवले, असे आपण शाळेपासून ऐकतो. त्यात खरे खूप आहे. शत्रूच्या आरमाराला आपले आरमार जाळू देणे ही अक्षम्य चूक होती, कारण तुळाजी मोडले की दर्यावर इंग्रजांना अडवणारे कोणी उरणार नव्हते. पण नानासाहेबांनी जाळले ते आरमार त्यांच्या हुकमातले नव्हते, हेही तितकेच खरे आहे. ज्याचा पगार पुणे देत नव्हते, ज्याचा सरदार पुण्याने नेमला नव्हता, ते पुण्याला परके वाटले. छत्रपतींच्या खजिन्यातून तनखा मिळणारा सरसुभा असता, तर त्याला बदलता आले असते; त्यासाठी शत्रूला बोलवावे लागले नसते.

नंतर पेशव्यांनी विजयदुर्गाला आपला आरमाराचा सुभा उभा केला. सुभेदारी धुळपांकडे आली. सरकारी नेमणूक, सरकारी हिशेब, सरकारी जहाजे. रचना पुष्कळशी पंतांनी सांगितली तशी. आनंदराव धुळपांनी ८ एप्रिल १७८३ रोजी इंग्रजांच्या ‘रेंजर’ या जहाजाला गाठले. जहाजावर इंग्रजी फौजेचे बरेच अधिकारी प्रवास करत होते. वल्ह्यांची गलबते पुन्हा एकदा चारी बाजूंनी भिडली, हातघाईची लढाई झाली, कर्नल हंबरस्टनला प्राणांतिक जखम झाली आणि जहाज विजयदुर्गाला आणले गेले. मोठा पराक्रम होता. पण इंग्रजांशी सालबाईचा तह झालेला होता, त्यामुळे पुण्याला मुंबईकरांची समजूत काढावी लागली आणि कैदी सोडावे लागले. तोवर मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याचे कारागीर सागवानाची मोठी जहाजे बांधत होते. धुळपांची जहाजे विजयदुर्गाच्या खाडीत १८१८ पर्यंत राहिली.